चाकाच्या खुर्चीवरून लेकीच्या बाळंतपणाला

फिजिओथेरपी सेंटरमधल्या कुणीतरी माझा नंबर कुणाला तरी दिला, आणि तेव्हापासून आठवड्यातून एखादा तरी फोन येतो. "अक्का, तुम्ही व्हीलचेअरवर एकट्या जर्मनीला जाऊन आलात म्हणे?" आवाजात कौतुक असतं. मग प्रश्न सुरू होतात. व्हिसाला कागद कोणते लागतात, विमानात संडासाला कसं जायचं, खुर्ची मोडतात का. मी सगळं सांगते. एक गोष्ट मात्र दर वेळी गाळते, कारण इतक्या उमेदीनं विचारणाऱ्या माणसाला ती ऐकवायचा मला धीर होत नाही.

म्हणून लिहायला बसले. जाऊ नका असं सांगायला नाही. जा, जरूर जा. पण मी काय घोळ घातला तो वाचून जा.

चप्पल

माझं नाव सुनंदा. जन्म बेंगळूरचा, सासर-माहेर दोन्ही इथलंच. चार पिढ्या झाल्या, त्यामुळे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड अशी आमची वाटणी आहे, आणि ती फारशी नीट पाळली जात नाही. जयनगरात आमचं मॅचिंग सेंटर आहे. साडीचे फॉल, अस्तर, ब्लाउजपीस. तीस वर्षं मी त्या दुकानात उभी राहिले. बसायला स्टूल होतं, पण मला बसून कापड दाखवता येत नसे.

एका सकाळी हिरव्या अस्तराचा तागा काढायला मागच्या फडताळाकडे गेले आणि काउंटरशी परत आले. समोरची बाई म्हणाली, "अक्का, तुमची एक चप्पल तिकडेच राहिली." खाली पाहिलं तर डावा पाय अनवाणी. गार फरशीवर उभी होते आणि मला पत्ता नव्हता. "अय्यो, वय झालं आता," म्हणून मी हसले. बाईही हसली. तिला मी दीड मीटर अस्तर मोजून दिलं.

दुसऱ्या दिवशी उजवा पाय जड झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठताच येईना. आमचे हे म्हणाले, "रात्री अवघडली असशील, उठ सावकाश." मी म्हटलं, "अहो, उठायचं कशावर? पाय कुठे आहेत?" तेव्हा कुठे ते घाबरले.

मोठ्या हॉस्पिटलात यंत्रात घालून फोटो काढले. पाठीच्या कण्यातल्या मज्जेला सूज आली होती. आजाराचं नाव लांबलचक आहे, ते तुम्हाला तुमचे डॉक्टर सांगतील. मी एकच विचारलं, "डॉक्टर, दसऱ्यापर्यंत चालेन ना? दुकानात गर्दी असते." डॉक्टर चांगले होते, पण त्यांनी उत्तर देताना माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे पाहिलं. "बघू या," म्हणाले. तेव्हापासून माझ्याबद्दलचं उत्तर माझ्या डोक्यावरून दुसऱ्याला द्यायची लोकांना सवयच लागली आहे.

कूस

हॉस्पिटलात सात आठवडे होते. दिवस मोजायची खूण एकच होती. दर दोन तासांनी दोन नर्सा यायच्या आणि मला कुशीवर वळवायच्या. डावी कूस, मग उताणी, मग उजवी. मी झोपेत असले तरी वळवायच्या. एकदा मी चिडले, "अगं, मला काही दुखत नाहीये, राहू दे ना!" मोठी नर्स म्हणाली, "अम्मा, दुखत नाही हाच तर तुमचा आजार. तुमच्या-आमच्यात फरक एवढाच, आम्हाला टोचलं की आम्ही आपोआप हलतो. तुम्हाला घड्याळ बघून हलायचं आहे."

घरी सोडताना तिनं मला लांब दांड्याचा आरसा दिला. रोज रात्री झोपताना मागची बाजू बघायची. कातडी लाल दिसली तर लगेच तिथला भार काढायचा. खुर्चीवर बसलं की दर अर्ध्या तासानं दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचलायचं. खुर्चीवरचं हवेचं कुशन सोडून कुठेही बसायचं नाही. कुठेही म्हणजे कुठेही. मी मान डोलावली.

घरी आल्यावर पहिल्याच महिन्यात कॉफीचा पेला मांडीवर ठेवून स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत खुर्ची ढकलत गेले. संध्याकाळी गाऊन बदलताना मांडीवर वाटीएवढा फोड. कॉफी चांगली गरम होती, हे मला फोड बघून कळलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा मोठ्यानं रडले.

ह्यांनी न्हाणीघराचं दार रुंद करून घेतलं, उंबरा काढून टाकला. दुकान सांभाळायचं, मला सांभाळायचं, आणि बोलायचं मात्र काही नाही. काही विचारलं की "परवागिल्ला" म्हणायचे. म्हणजे असू दे, काही हरकत नाही. अहो, हरकत आहे ना! मला हरकत होती. मला वाटायचं ह्यांनी एकदा तरी ओरडावं, म्हणजे मलाही ओरडता येईल. पण तसं झालं नाही. घरात दोघंच, आणि दोघंही जपून वागत होतो.

मेघाचा फोन

मेघा आमची एकुलती एक. लग्न करून नवऱ्यासोबत जर्मनीतल्या एका छोट्या गावात राहते. आजार होऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा तिचा फोन आला, तिसरा महिना लागलाय म्हणून. मी हसले, रडले, ह्यांना दुकानातून बोलावून घेतलं. मग ती म्हणाली, "आई, तू येशील ना गं?"

आमच्याकडे पहिलं बाळंतपण आईनं करायचं. तिकडे परदेशात मुली असल्या तर आया विमानानं जातात. आमच्या गल्लीतल्या सहा-सात जणी जाऊन आल्या आहेत, परत येताना चॉकलेटं आणतात आणि तिथल्या थंडीच्या गोष्टी सांगतात. मेघानं विचारलं आणि मी एका क्षणात म्हटलं, "येणार म्हणजे येणारच. तुझं बाळंतपण मी नाही करणार तर कोण करणार?"

फोन ठेवल्यावर ह्यांनी माझ्याकडे बघितलं.  मी म्हटलं, "बसून मसाज करता येतो. बसून भाजी चिरता येते. बसून दुपटी शिवता येतात." आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून मऊ मलमल मागवून मी शिवायला बसलेसुद्धा. हात चांगले होते माझे. अजूनही आहेत.

डिंकाचे लाडू न्यायचे नाहीत हे नंतर कळलं. तूप-दूध घातलेलं काही त्या देशात नेऊ देत नाहीत. तुपाशिवाय डिंक फुलवायचा कशात? तो बेत तिथेच संपला. तेवढ्यावरूनही मला वाईट वाटलं होतं. पुढचं काय ठाऊक!

जोरात लिहिलेला कागद

व्हिसाला दोन पत्रं महत्त्वाची होती. एक मेघाचं आमंत्रण. तिनं मनापासून लिहिलं, की माझी आई माझ्या बाळंतपणासाठी येते आहे, ती माझी आणि बाळाची काळजी घेईल, सोबत वडील येतील. दुसरं डॉक्टरांचं. व्हीलचेअरवरच्या माणसाला विमान कंपनी विमानप्रवासाला हरकत नसल्याचं पत्र मागू शकते, तेच अर्जालाही जोडायचं असं ठरलं.

डॉक्टरांच्या खोलीत मी होते. ह्यांनी हात जोडून म्हटलं, "सर, स्वल्प जोरात लिहा." स्वल्प म्हणजे थोडंसं.

ह्यांची काही चूक नव्हती, निदान मला तेव्हा तसंच वाटलं. अपंगत्वाचा दाखला काढताना आम्ही तीन हेलपाटे मारले होते. कागद सौम्य असला की आपल्याकडे कुणी जागचं हलत नाही, हे आम्ही शिकलो होतो. कागद जोरात असला तर विमानतळावर माणूस मिळेल, खुर्ची दारापर्यंत नेतील, पुढची सीट देतील. डॉक्टरांनी लिहिलं की ह्या रुग्णाला सर्व दैनंदिन कामांसाठी पूर्णवेळ मदतनीस आवश्यक आहे, त्यांना एकटं सोडता येणार नाही. पत्र मी दोनदा वाचलं. आणि मीच म्हटलं, "छान लिहिलंय. थँक्यू."

व्हिसा केंद्रात काउंटर इतकं उंच की आतल्या मुलीला मी दिसेना. तिनं ह्यांनाच विचारलं, "मॅडम कुठे आहेत?" मी खालून हात वर केला. बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र वायर ताणून खाली आणलं, तेवढ्यात मागच्या रांगेतले दोघं मदतीला धावले. सगळे चांगले वागले. मला मात्र दुकानात उभी असलेली मी आठवत होते.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. दोघांचाही अर्ज नामंजूर. प्रवासाच्या हेतूबद्दल दिलेली माहिती विश्वास ठेवण्याजोगी नाही, असं कारण होतं.

आमच्याच ब्लॉकमध्ये व्हिसाचे कागद करून देणारे एक वयस्क गृहस्थ आहेत. अर्ज आम्ही स्वतःच भरला होता, आता त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि चष्मा काढला. "सर, ह्या पत्रात मॅडम लेकीला आणि बाळाला सांभाळायला चालल्या आहेत. ह्या पत्रात मॅडमना एक मिनिट एकटं सोडता येत नाही. वाचणाऱ्यानं काय समजावं?"

 दोन पत्रं दोन ठिकाणी लिहिली गेली, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. खरं सांगू? ते नकाराचं पत्र मला लागलं नाही. लागलं ते हे, की तिकडच्या त्या अनोळखी माणसानं बरोब्बर तोच प्रश्न विचारला होता जो ह्यांनी आणि मी चार महिने एकमेकांना विचारायचं टाळत होतो.

घरी येताना रिक्षात मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही जोरात लिहा म्हणालात." ते म्हणाले, "आणि तू बाळंतपण करणार म्हणालीस." दोन वर्षांतलं आमचं ते पहिलं खरं भांडण. घरी येईपर्यंत चाललं.

फोनवरचं बाळंतपण

पुन्हा अर्ज करायला तारीख मिळेपर्यंत मेघाचे दिवस भरत आले. आणि भरायच्या आधीच तिचं पोट चिरून बाळ काढावं लागलं. मुलगी झाली. रेवा. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते जावयाच्या फोनमध्ये, तेही उलटं, कारण त्यानं घाईत फोन उलटा धरला होता.

तिथे एक सुईण घरी येते, बाळाला तपासून जाते. बाई चांगली होती, कामात हुशार. पण ती यायला लागल्यावर तिसऱ्या दिवशी मेघा फोनवर रडायला लागली. "आई, तिचे हात किती गार आहेत गं. ती बाळाला उचलते ना, तर मलाच शहारा येतो." मी इथे पलंगावर. माझे हात मांडीवर. मी म्हटलं, "बाळा, बाळंतशेपा खातेस ना?" दुसरं काही सुचलंच नाही.

नव्या अर्जासाठी तिनं पत्र लिहायला घेतलं तेव्हा पुन्हा फोन केला. "आई, काय लिहू? तू कशाला येते आहेस?"

"भेटायला येते म्हणून लिही."

"फक्त भेटायला?"

"हो."

 मग ती म्हणाली, "बरं."

ह्या खेपेला डॉक्टरांकडे मी बोलले. म्हटलं, "सर, मी स्वतः अंघोळ करते, स्वतः पलंगावरून खुर्चीवर येते, लघवीची नळी स्वतः घालते. ते लिहा. मदतनिसाचं एक अक्षर नको." डॉक्टरांनी तसं लिहिलं. रुग्ण व्हीलचेअरवर पूर्णपणे स्वावलंबी आहेत. आणि मी ह्यांना सांगितलं, "मी एकटी जाणार." माझ्याबरोबर माणूस दिसला की पुन्हा तोच प्रश्न. ते संतापले. "वेड लागलंय का तुला?" ओरडले एकदाचे! पण मी ऐकलं नाही. व्हिसा मिळाला. रेवा तेव्हा तीन महिन्यांची होत आली होती.

पहिल्या कागदात मी होते त्याहून आजारी होते, दुसऱ्यात होते त्याहून धडधाकट. मी जशी आहे तशी कुठल्याच कागदावर नव्हते. पुढचं सगळं त्यातून झालं.

विमानाचं दार

तयारीत मी कसर ठेवली नाही, हे तुम्हाला सांगायला हवं. खुर्चीची लांबी, रुंदी, वजन विमान कंपनीला आठवडाभर आधी कळवलं. खुर्चीचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवले, म्हणजे मोडली तर दाखवता येईल. औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट. नळ्या सगळ्या हातातल्या पिशवीत, सामानात एकही नाही, कारण सामान हरवलं तर नळी कुठून आणायची? विमा काढला. त्यातला बारीक मजकूर मात्र वाचला नाही. जुन्या आजारातून उद्भवलेलं काही त्यात बसत नाही, हे तिकडे गेल्यावर कळलं. तुम्ही आधी वाचा.

देवनहळ्ळीच्या विमानतळावर सोडायला हे गाडीत बरोबर होते. विमानतळ आला तशी ह्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. दुकानातली बिलं लिहितात त्या अक्षरात यादी होती. त्यातली पहिलीच ओळ होती, "कुशन खुर्चीवर ठेवायचं नाही. सीटवर घ्यायचं." आत सोडायला आलेल्या मदतनिसाला त्यांनी कन्नडमध्ये दोनदा समजावलं. तो म्हणाला, "सरी अण्णा, सरी." सरी म्हणजे ठीक आहे. माणूस खरंच नीट ऐकत होता. पण त्यानं मला तपासणीपर्यंत नेलं, तिथून दुसऱ्यानं, आणि विमानाच्या दाराशी तिसरेच दोघं होते. त्यांना कुणीच काही सांगितलं नव्हतं. यादी माझ्या पर्समध्ये होती.

व्हीलचेअरवाल्यांना सगळ्यांच्या आधी चढवतात. त्या दिवशी मला पोचवायलाच उशीर झाला आणि मागे लोकांची रांग लागली. विमानाच्या दोन रांगांमधून जाईल अशी एक अरुंद खुर्ची असते, तिच्यावर मला उचलून ठेवलं, पट्टे बांधले. माझी खुर्ची एकानं बाजूला ओढली. तिच्यावर माझं कुशन. मी बघत होते. "अण्णा, स्वल्प..." एवढं म्हटलं. मागे एकानं घड्याळाकडे पाहिलं. एक बाई कडेवरचं मूल ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होती. माझ्या तोंडून पुढचा शब्द निघाला नाही. खुर्ची गेली, कुशन गेलं, विमानाच्या पोटात.

परवागिल्ला, मी मनात म्हटलं. ह्यांचाच शब्द. नऊ-दहा तासांचा तर प्रश्न आहे.

हवाई सुंदरीनं वाकून विचारलं, "मॅम, काही मदत हवी?" मी इंग्रजीत म्हटलं, "नो नो, आय ॲम इंडिपेंडंट." डॉक्टरांच्या पत्रातला शब्द. तिनं माझं कौतुक केलं.

संडासाला जायला लागू नये म्हणून मी पाणी प्यायले नाही. हेही करू नका. शेजारचे गृहस्थ झोपले होते, बूड उचलायला हात टेकले की माझं कोपर त्यांना लागायचं. दोनदा लागलं. तिसऱ्यांदा मी उचललंच नाही. पुढे माझाही डोळा लागला. मला काही दुखत नव्हतं.

मांडी

रेवाला मेघानं माझ्या मांडीवर ठेवलं. लेकीची लेक. मी तिच्याकडे टक लावून बघत बसले, कारण नजर हलवली तर ती मांडीवर आहे हे मला समजत नव्हतं. वजन नाही, ऊब नाही. थोड्या वेळानं मेघा म्हणाली, "अगं आई, तिनं तुझी साडी भिजवली की! सांगायचं नाही का?" मग तिच्या लक्षात आलं. तिनं घाईघाईनं बाळ उचललं आणि दुसऱ्या खोलीत गेली.

त्या रात्री मी आरसा बघितला नाही. दमले होते, आणि आनंदात होते. दोन्ही खरं.

दुसऱ्या दिवशी अंघोळीनंतर मेघा माझी पाठ पुसत होती. हात थांबला.

"आई, हे काय आहे?"

"काय?"

"इथे काळंनिळं झालंय. कातडी सोलली आहे. आई, कुशन कुठे होतं विमानात?"

"खाली सामानात गेलं."

"गेलं म्हणजे? तू का दिलंस?"

"मागे लोक उभे होते गं."

"लोक?" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की आत बाळ दचकून रडायला लागलं. "कुठे आहेत ते लोक आता? बोलाव ना त्यांना! कोण करणार आहे हे सगळं, ते लोक?" आणि तिथेच ओल्या फरशीवर बसून ती रडली. पोटावरच्या टाक्यांची जागा अजून तिला ओढत होती, खाली बसताना तिनं हात धरला होता तिथे. मी खुर्चीवर उघडीच. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

चार दिवसांत जखम उघडी झाली. डॉक्टर म्हणाले, बसायचं नाही. आठवडे लागतील. पालथं झोपायचं. मी महिनाभराहून जास्त दिवस लेकीच्या हॉलमध्ये पालथी पडून होते. जावई सकाळी कामाला जायचा. मेघा बाळाचे लंगोट बदलायची, मग हात धुऊन माझी पट्टी. बाळाला पाजायची, मग मला भरवायची, कारण पालथं पडून ताटातलं नीट खाता येत नाही. बाळ रात्री उठायचं, आणि दर थोड्या तासांनी तिला माझी नळीही बघावी लागायची. तिचे डोळे खोल गेले. केस विंचरायला तिला फुरसत नव्हती. मी बाळंतपण करायला निघाले होते, आणि ओली बाळंतीण माझं करत होती. तो पहिला, जोरात लिहिलेला कागद मीच खरा करून दाखवला.

ह्यांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "यादी पर्समध्येच राहिली का?" मी हो म्हटलं. "सरी," म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

हीच ती गोष्ट, जी मी फोनवर गाळते. तुम्ही जाल तेव्हा कागदात खरं लिहा. काय जमतं तेही, काय जमत नाही तेही, दोन्ही एकाच पत्रात. कुशनवर सगळ्यांना वाचता येईल अशी चिठ्ठी टाचून ठेवा. आणि दाराशी रांग खोळंबली तर खोळंबू दे. त्या लोकांना घरी पोचेपर्यंत तुम्ही आठवणारसुद्धा नाही. मला ते घड्याळ बघणारे गृहस्थ अजून आठवतात. जखम आता भरत आली आहे, पण पूर्ण भरलेली नाही. हे मी कुशीवर पडूनच लिहिते आहे.

दुपार

एक दुपार सांगते आणि थांबते.

माझ्या गादीशेजारी खाली मेघानं माझीच मलमलची दुपटी अंथरली होती आणि त्यावर रेवाला ठेवलं होतं. मेघा तिच्यापलीकडे नुसती टेकली, "पाच मिनिटं हं आई" म्हणाली, आणि तिला झोप लागली. तोंड उघडं, एक हात डोक्याखाली. कित्येक दिवसांत मी तिला झोपलेलं पाहिलं नव्हतं.

रेवा जागी होती. पाय उडवत होती. एक पाय ह्या बाजूला टाकला, मान वळवली, पुन्हा उताणी. पुन्हा पाय टाकला. लाल झाली, कण्हली, आणि गपकन पालथी पडली. पहिल्यांदा. डोकं उचलून तिनं समोर बघितलं तर वीतभर अंतरावर मी, तशीच पालथी, तशीच डोकं उचललेली. दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. ती हसली.

मग तिला कळलं की एक हात पोटाखाली अडकलाय. ओठ वाकडे झाले. आता रडणार, मेघा उठणार. मी कोपरावर जोर दिला, हात लांब केला, आणि तिचा अडकलेला हात हळूच बाहेर काढला. तिनं माझं बोट धरलं आणि सोडलं नाही. मानेला रग लागली तरी मी हलले नाही. तोंडानं अगदी बारीक आवाजात काहीबाही बोलत राहिले, मराठीत, कन्नडमध्ये, जे येईल ते. दमली की मी तिला उताणी करायची, ती पुन्हा पालथी पडायची, मी पुन्हा हात सोडवायची. किती वेळा झालं कुणास ठाऊक. ती रडली नाही.

एवढंच बाळंतपण माझ्या हातून झालं. त्या दुपारी मेघा दोन तास झोपली.